घर आवरणारे हात : तेरणाकाठचा एक इतिहास

मराठीत ‘घर’ या शब्दाला जोडून येणारी क्रियापदे एकत्र मांडली, तर घराचे जवळजवळ सगळे चरित्र हाती येते. घर बांधतात, मांडतात, चालवतात, राखतात. ते भरते, बसते, बुडते, मोडते. या यादीतले ‘आवरणे’ हे क्रियापद दिसायला अगदी साधे आहे. सणाआधी घर आवरतात, पाहुणे यायचे असले की आवरतात. परंतु माणूस गेल्यानंतरही घर आवरावे लागते, आणि त्या वेळी आवरणाऱ्याला रडूही आवरावे लागते. या दोन्ही कामांना भाषेने एकच क्रियापद दिले आहे.

घर बांधण्याची इतिहासाने नेहमीच दखल घेतली. बांधणाऱ्याचे नाव शिळेवर कोरले जाते, नव्या घराची वास्तुशांत होते. घर आवरण्याला मात्र स्वतंत्र विधी नाही, त्याची नोंदही सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात हे दुर्लक्षित काम तेरणा नदीच्या काठाने पाहण्याचा प्रयत्न आहे. घर आवरणे हे वस्तू हलवण्याचे काम दिसत असले, तरी मूलतः ते साक्षीचे काम आहे. ही वस्तू कोणाची, ती कोठून आली, आता ती कोणाकडे जावी, हे सांगणारी माणसे भोवती असली तरच घर आवरले जाते. ती नसली तर घर फक्त रिकामे होते.

तेरणेच्या काठचे तेर हे गाव म्हणजे प्राचीन ‘तगर’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा व्यापारपेठ म्हणून उल्लेख आहे. इथला माल पैठणच्या मालाप्रमाणेच भडोचच्या बंदराकडे जात असे. गावाभोवतीची पांढऱ्या मातीची टेकाडे म्हणजे त्या नगरातील घरांचे अवशेष. मराठवाड्यात वस्तीच्या जमिनीला ‘पांढरी’ म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला ‘काळी’. पांढरीची माती माळवदावर घालण्यासाठी लोक जुन्या टेकाडांतून खणून आणत. म्हणजे एका पिढीच्या पडलेल्या भिंती पुढच्या पिढीच्या डोक्यावरचे छप्पर होत. अशा खणण्यातून आणि पावसाने उघड्या पडलेल्या थरांतून मणी, नाणी, मृण्मूर्ती, खापरे वर येत राहिली. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी ती हौसेने आणि चिकाटीने जमवली. आज तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाला त्यांचे नाव आहे. तेथे असलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना अभ्यासक इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी करतात.

त्या संग्रहालयात एखादा मणी किंवा फणी पाहताना ती वस्तू सातवाहनकालीन आहे, हे कळते. ती कोणाची होती, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. दोन हजार वर्षांनंतर असे व्हावे यात आश्चर्य नाही. परंतु याच नदीच्या खालच्या अंगाला, विसाव्या शतकाच्या अखेरीस, हेच अंतर एका पहाटेत पडले. त्याकडे वळण्यापूर्वी गावाची घर आवरण्याची रीत समजून घेतली पाहिजे.

गावात मृत्यू घडला की त्या घरातली चूल पेटत नसे. भावकीतून, शेजारून भाकरी येई. त्याला ‘कडू घास’ म्हणतात. सुतक फिटले की घर सारवले जाई, अंथरूण-पांघरूण धुऊन किंवा देऊन टाकले जाई. देवघरातले टाक कोणत्या भावाकडे जायचे, जाते कोणाचे, तांब्याचा हंडा कोणत्या लेकीचा, हे वाटणीच्या वेळी चारचौघांत ठरे. तंटा झाला तर पंच बसत. ‘पंचनामा’ हा आज सरकारी दफ्तरातला रुक्ष शब्द वाटतो. पण त्याच्या पोटात हीच माहीतगार पाच माणसे आहेत.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकता येणार नाही. घर आवरण्याचे काम गाव मिळून करी हे खरे. पण त्यातला मळका भाग जातीने वाटून दिलेला होता. मेलेले जनावर ओढून नेणे, मर्तिकाचा निरोप गावोगाव पोचवणे ही कामे महार-मांगांच्या माथी होती, आणि प्रेतावरचे वस्त्र घेणे हा त्यांचा ‘हक्क’ म्हणवला जाई. याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली होती. वतनाने बांधलेल्या माणसाला गावाच्या सुखदुःखातला वाटेकरी म्हणायचे की गावाचा वेठबिगार, हा प्रश्न वतनदारीच्या मुळाशीच होता. तेव्हा जुन्या गावात सारे एकमेकांचे होते असे म्हणणे हे स्मरणरंजन झाले. गाव माणसाला एकटे सोडत नसे, एवढेच खरे. आणि न सोडण्याच्याही अनेक तऱ्हा होत्या.

आता घराकडे पाहू. मराठवाड्यातले माळवदाचे घर म्हणजे दगड-मातीच्या रुंद भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर लाकडी फळ्या आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. घराचे माप चौरस फुटांत नव्हे तर खणांत सांगत. पुढे ढाळज, आत ओसरी, भिंतीत कोनाडे, धान्याला बळद आणि पेव. उन्हाळ्यात हे घर गार राही आणि दर पावसाळ्याआधी वर नवी माती पडे. वर्षानुवर्षे चढत गेलेला हा थरच पुढे घातक ठरला.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, गणपतींचे विसर्जन करून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातले किल्लारी हे नाव जगाला माहीत झाले. पण तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातही सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी अशा गावांवर तोच प्रसंग ओढवला. हे दोन्ही जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते. जमिनीने ती प्रशासकीय रेषा जुमानली नाही. सुमारे आठ हजार माणसे गेली. दगडी भिंती आत कोसळल्या आणि माळवदाची माती झोपलेल्यांवर आली.

त्यानंतरच्या दिवसांत जे घडले, त्याला घर आवरणे म्हणता येईल का? ढिगारे उपसायला लष्कराचे जवान आले, राज्यभरातून स्वयंसेवक आले. त्यांनी केलेल्या कामाचे मोल कमी नाही. भर पावसात, कुजत चाललेल्या देहांच्या वासात त्यांनी माती उपसली. पण त्यांतल्या कोणालाही हे घर कोणाचे ते ठाऊक नव्हते. पडलेल्या घरांच्याच तुळया आणि खांब सामुदायिक चितांना लागले. ज्या लाकडाने घर तोलून धरले होते, त्यावरच घरातली माणसे गेली. आणि कडू घास कोणी कोणाला आणायचा? ती रीत एक घर दुःखात आणि बाकीचे गाव सावध, अशा गृहीतावर उभी होती. सगळे गावच सुतकात असेल तर काय करायचे, याचे उत्तर परंपरेकडे नव्हते. भाकरी आली ती मदतीच्या ट्रकमधून. पोट त्याने भरले. पण ‘तुझा माणूस मला माहीत होता’ हे सांगणारा घास तो नव्हता.

पंचनामे झालेच. मृतांची, वारसांची, पडलेल्या घरांची यादी झाली; त्याविना मदत देणे शक्य नव्हते. मात्र जिथे सारे कुटुंब गेले आणि शेजारही गेला, तिथे माहीतगार पंच आणायचे कोठून? वस्तू सापडत होत्या, त्यांची ओळख सांगणारे सापडत नव्हते. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. त्या मुलांचे आयुष्य त्यामुळे मार्गी लागले. त्याच वेळी घराविषयी सांगू शकणारे शेवटचे साक्षीदारही गावाबाहेर गेले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पुढचा अध्याय पुनर्वसनाचा. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राबवलेल्या कार्यक्रमात अतिशय हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरांचे आकार जमीनधारणेवरून ठरले : भूमिहीन व अत्यल्प भूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. भूकंपाला टिकणारी घरे आवश्यकच होती आणि ती मिळाली. परंतु खणांची घरे चौरस फुटांत मोजली जाताच गल्लीची रचना बदलली. एकाच भावकीतले मोठे आणि धाकटे घर आकारानुसार वेगवेगळ्या ओळींत गेले. रुंद सरळ रस्ते, सुटे भूखंड; नवे गाव जुन्याच्या कितीतरी पटींनी पसरले. ढाळज गेली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याशी सहज दोन शब्द बोलण्याची जागा गेली. म्हाताऱ्या माणसाला जिवाभावाच्या शेजारणीकडे जायचे तर आता उन्हातून चालत जावे लागे.

एवढ्यावरून शासनाने गावपण मोडले असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण अपुरे आहे. ज्यांना जुन्या गावाच्या कडेला ठेवले होते, त्यांच्यासाठी आखीव रस्त्यावरचे पक्के घर ही गमावण्याची नव्हे, मिळवण्याची गोष्ट होती. शिवाय लोकांनी आपले घर पुन्हा आपल्या हातांनी सांधले. काँक्रीटच्या खोलीपुढे पत्र्याची ओसरी काढली, दगडी आवार घातले, जुन्या गावठाणातली चौकट, जाते, उखळ उचलून आणले. जिथे घरे जागेवरच दुरुस्त करायची होती, तिथे गावातल्याच बायका ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या आणि शासन व घर यांच्यात बोलू लागल्या. उशिराने का होईना, आवरण्याचे काम माहीतगारांच्या हाती परत आले.

आजचे चित्र निराळे आहे. जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी कुटुंबे सहा-सहा महिने बाहेर जातात, शिकलेली मुले पुण्या-मुंबईला स्थिरावतात, आणि घरात म्हातारी जोडपी, पुढे त्यांतले एकच माणूस उरते. ते गेले की मुले येतात, दिवस होतात आणि रजा संपायच्या आत घर आवरायचे असते. जुने सागवान घेणारा व्यापारी येतो, भांडी मोडीत जातात, उरलेले भंगारवाला तराजूवर घालतो. जपानमध्ये एकाकी मृत्यूसाठी ‘कोदोकुशी’ हा शब्द रूढ झाला आहे आणि मृतांची घरे आवरून देणाऱ्या कंपन्याही आहेत. आपल्याकडे तो शब्द नाही, पण तराजू आला आहे. १९९३ मध्ये साक्षीदार एका पहाटेत गेले; आता ते एकेक करून, कोणाच्या लक्षात न येता जात आहेत.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयाचा येथे उल्लेख केला पाहिजे. दिनकर केळकरांनी जुन्या वाड्यांतून निघणारे दिवे, दरवाजे, अडकित्ते, भांडी आयुष्यभर जमवली आणि संग्रहालयाला आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे नाव दिले. घरे मोडत असताना त्यांतल्या वस्तूंना त्यांनी घर दिले. तेरच्या लामतुरेंचे कामही त्याच जातीचे. मात्र संग्रहालय वस्तूचा काळ राखते, नाते राखू शकत नाही. तांब्याच्या घंगाळाखालच्या चिठ्ठीवर शतक लिहिता येते; ते कोणाच्या माहेरहून आले, हे लिहायचे तर सांगणारे माणूस जिवंत असतानाच विचारावे लागते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि आम्हा शिक्षकांना इथे करण्यासारखे काम आहे. ग्रामीण साहित्यात पडके वाडे पुष्कळ आहेत. पण ते आवरणारे हात, त्यांचे शब्द, त्यांचे हिशेब फारसे नाहीत. बळद, ढाळज, खण हे शब्द ज्यांच्या तोंडी अजून आहेत, ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. शब्दकोशाला ते शब्द मिळतील की नाही, हा नंतरचा प्रश्न. त्याआधी कोणीतरी त्यांच्याजवळ बसून घरातल्या एकेका वस्तूची हकीकत ऐकून घेतली, तर त्या दुपारपुरते तरी त्या घरात एकाऐवजी दोन माणसे असतील. आणि पुढे ते घर आवरायची वेळ येईल, तेव्हा पंचांत एक जण जास्त असेल.