जादा की भरपाई?

केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी अपंग परीक्षार्थींच्या लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतल्या चार ओळी इथे घेतो. मूळ इंग्रजी आहे, मराठी माझे.

‘जादा वेळ’ न म्हणता ‘भरपाईचा वेळ’ म्हणावे.
‘जादा’ म्हटले की पंगतीत एकालाच वाढलेला दुसरा लाडू आठवतो, शेजारचे बघणारच. ‘भरपाई’ आधी नुकसान कबूल करते. पण गंमत पाहा: उत्तरे लिहून देणारा लेखनिक न घेणाऱ्यांना तीन तासांमागे किमान एक तास द्यावा, असे सांगणाऱ्या पुढच्याच वाक्यात सूचना पुन्हा ‘जादा वेळ’ म्हणते! मसुदा लिहिणाऱ्याचीच जुनी सवय सुटलेली नाही.

भरपाईचा वेळ तासाला २० मिनिटांपेक्षा कमी नसावा.
‘कमी नसावा’ म्हणजे हे किमान. परीक्षा केंद्रावर ते सहसा कमाल म्हणून वाचले जाते. तीन तासांच्या पेपरला ६० मिनिटे. ती जातात कुठे? संख्याशास्त्राचा पेपर घ्या. अंध विद्यार्थी सांगतो, “सिग्मा, खाली आय बरोबर एक, वर एन. पुढे एक्स, त्याच्या पायाशी आय.” लेखनिक थबकतो. “पायाशी म्हणजे?” मग समजावणे, लिहिलेले वाचून घेणे, खोडणे, पुन्हा सांगणे. आणि हे सगळे हळू आवाजात, कारण पर्यवेक्षक कान देऊन उभे. डोळस विद्यार्थ्याला मागचे उत्तर बघायला नुसते पान उलटावे लागते.

स्वतःचा लेखनिक आणल्यास तो शिक्षणाने परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचा असावा.
‘पायाशी म्हणजे?’ हा प्रश्न बहुधा इथूनच येई. लेखनिकाने उत्तर पुरवू नये हा हेतू रास्त, पण संशयाची किंमत परीक्षार्थी मिनिटांत मोजे. शिवाय एक पायरी खालचा म्हणजे बहुतेक वेळा विद्यार्थीच असे. मार्च-एप्रिलात त्याचीही परीक्षा असे.

सवलत किमान ४० टक्के अपंगत्व असणाऱ्यांस.
ही ओळ टिकली नाही. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकासाठी ही टक्क्यांची अट चुकीची ठरवली. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या अपंग व्यक्तीच्या व्याख्येत टक्का नाहीच. मग १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. टक्का गेला, पण लिहिता येत नाही हे सांगणारा सरकारी रुग्णालयाचा दाखला आला.