छावणीचा हंगाम : लष्करी फुटबॉल संघ आणि त्यांचे मराठी विस्मरण

१८९१ साली मुंबईत रोव्हर्स करंडकाची स्पर्धा सुरू झाली आणि पहिला करंडक वूस्टर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने मिळविला. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक, म्हणजे १९३७ साली ‘बंगलोर मुस्लिम्स’ हा संघ विजयी होईपर्यंत, एकाही भारतीय संघाच्या हाती हा करंडक लागला नाही. या काळातील विजेत्यांची यादी म्हणजे मुख्यतः ब्रिटिश पलटणींची नामावळी आहे. हे सामने मुंबईच्या भर वस्तीतील मैदानांवर होत. तरीही या पलटणींपैकी एकीचेही नाव मराठी सांस्कृतिक स्मृतीत टिकलेले दिसत नाही. त्याच मैदानांच्या आसपास खेळल्या गेलेल्या क्रिकेटची गोष्ट अगदी वेगळी आहे. पालवणकर बाळूंची गोलंदाजी, त्यांना नाकारले गेलेले कर्णधारपद आणि १९११ चा इंग्लंडचा दौरा यांविषयी आजही लिहिले जाते, वाद घातले जातात.

या विस्मरणाचे प्रचलित स्पष्टीकरण सोपे आहे : फुटबॉल हा मराठी माणसाचा खेळ नव्हे, तो बंगालचा, गोव्याचा किंवा केरळचा. परंतु कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर एखादा अंतिम सामना ज्याने पाहिला असेल, त्याला हे स्पष्टीकरण पटणार नाही. प्रश्न खेळाच्या आवडीचा नसून संघाच्या स्वरूपाचा असावा, असे मानण्यास जागा आहे. लष्करी संघाचा ‘हंगाम’ म्हणजे नेमके काय, याचा विचार केल्याखेरीज हा प्रश्न सुटत नाही.

‘हंगाम’ हा फारसीतून आलेला शब्द मराठीत प्रथम शेतीचा आहे. खरीप आणि रब्बी हे हंगाम, आणि अलीकडे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. मराठेशाहीच्या लष्करी जीवनालाही शेतीचाच हा ताल होता. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मुलूखगिरीस निघत आणि पावसाळ्यापूर्वी परतत अथवा जेथे असतील तेथे छावणी करीत. ‘छावणी’ या शब्दाचा आज कायमची लष्करी वसाहत असा अर्थ होतो. पण जुन्या पत्रव्यवहारात ‘छावणी करणे’ म्हणजे पावसाळ्याचे चार महिने मुक्काम करणे. चिपळूणनजीक हलवर्ण येथील छावणीतल्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले सुप्रसिद्ध पत्र याच चार महिन्यांविषयी आहे. दाणागोटा आणि गवत पावसाळाभर पुरेल अशा बेताने वापरावे. ते आधीच उडविल्यास घोडी उपाशी मरतील आणि मग लोक रयतेच्या घरात शिरून धान्य, लाकूडफाटा, भाजीपाला ओरबाडू लागतील. गवताच्या गंजीजवळ विस्तव नेऊ नये, दिव्याची पेटती वात उंदराने ओढून नेली तरी आग लागेल. हे पत्र रयतेविषयीच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून नेहमी उद्धृत केले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. रिकामे बसलेले सैन्य ही राज्यकर्त्याची कायमची चिंता असते. लढाई नसलेल्या महिन्यांत शिपायाने काय करावे, हा प्रश्न तेथे स्पष्टपणे उभा आहे.

ब्रिटिश पलटणींनी या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांपैकी एक फुटबॉल होते. मद्य, गुप्तरोग आणि कंटाळा या छावणीच्या तीन शत्रूंवर संघटित खेळ हा उपाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र सांगितला जाऊ लागला. १८८८ साली मॉर्टिमर ड्युरँड यांनी शिमल्यात सुरू केलेली स्पर्धा हे त्याचेच एक फळ. तिचे पहिले विजेते होते रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्स. मुंबईत क्रिकेट कोरड्या महिन्यांचे आणि साखळी फुटबॉल पावसाळ्याचे, अशी वाटणी रूढ झाली. (१९४८ साली सुरू झालेली कांगा लीग ही पावसाळी क्रिकेटस्पर्धा तिला अपवाद, आणि अपवाद म्हणूनच ती मुंबईकरांना प्रिय आहे.) मराठा फौजा ज्या महिन्यांत छावणी करून बसत, त्याच महिन्यांत गोऱ्या पलटणी चिखलात चेंडूमागे धावत होत्या. हा योगायोग हवामानाने घडविलेला आहे. त्याला त्याहून मोठा अर्थ चिकटवू नये. पण त्याचा एक वाङ्मयीन परिणाम मात्र विचारात घेण्यासारखा आहे.

बखरकार छावणीविषयी सहसा लिहीत नाही. बखरीचे एकक मोहीम हे आहे : कूच, मुक्काम, गाठ, झुंज, यश अथवा अपयश. पावसाळा एखाद्या वाक्यात उरकला जातो. अमुक ठिकाणी छावणी केली, एवढे सांगून कथन दसऱ्यापाशी येऊन उभे राहते. मराठी ऐतिहासिक गद्याने हीच सवय पुढे नेली. ज्या काळात ‘काही घडत नाही’ असे गृहीत आहे, त्या काळाला कथनात जागा नाही. फुटबॉलचा हंगाम नेमका या न लिहिलेल्या काळात बसतो.

हीच गोष्ट वाराणसीत अधिक ठळक होते. काशीत पावसाळा आखाड्यांचा आहे. नागपंचमीला आखाडे सजतात, कुस्त्या होतात, गदा आणि जोडी फिरविली जाते. जोसेफ ऑल्टर यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बनारसच्या मल्लजीवनाचे जे वर्णन केले आहे, त्यात या सणाला मध्यवर्ती स्थान आहे. दुसरीकडे शहराच्या उत्तर अंगाला कँटोन्मेंट आहे. तेथे ३९ गुरखा प्रशिक्षण केंद्रात तिसऱ्या व नवव्या गुरखा रायफल्सचे जवान घडतात. शरीर कमावण्याच्या या दोन परंपरा एकाच शहरात नांदतात, पण त्यांच्या स्मृती मात्र वेगवेगळ्या आहेत. आखाडा मोहल्ल्याचा असतो. त्याच्या मातीला, वस्तादाला आणि विहिरीला नाव असते, आणि त्या नावाभोवती कथा जमतात. पलटण मात्र कोणत्याच मोहल्ल्याची नसते.

ब्रिटिश पलटणी बदलीच्या फेऱ्याने काही वर्षांत एका छावणीतून दुसरीत आणि अखेर मायदेशी जात. एखाद्या मोसमात करंडक जिंकलेला संघ दोन वर्षांनी त्या शहरात नसे. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि १९१९ पर्यंत ड्युरँड स्पर्धा झालीच नाही, कारण खेळणारे आघाडीवर होते. ज्या कामासाठी हे खेळ शरीर तयार करीत होते, त्या कामानेच हंगाम गिळून टाकला.

याउलट ज्या संघांना गाव होते, त्यांनी पलटणींच्या विजयांपेक्षा आपल्या लढतींना दीर्घ आयुष्य दिले. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून आयएफए शिल्ड मिळविली. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले, ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षे सांगितली जात आहे. हाच क्लब १९२३ साली मुंबईत रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून पराभूत झाला. बंगालीत या पराभवाचीही नोंद आहे. जिंकलेल्या डरहॅमच्या शिपायांना मुंबईत मात्र कोणी वारस नाही. पराभूताची स्मृती टिकावी आणि विजेत्याची पुसली जावी, हे साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही. पानिपताचा विषय घेतला तरी हेच दिसते. येथे मात्र त्यामागील कारण अगदी ऐहिक आहे. एका संघामागे वस्ती होती, दुसऱ्यामागे बदलीचा हुकूम.

स्वातंत्र्यानंतरही हे चित्र फारसे बदलले नाही. गुरखा ब्रिगेडने १९६६ आणि १९६९ साली ड्युरँड करंडक जिंकला. त्या संघातून पुढे आलेले श्याम थापा लोकांच्या स्मरणात आहेत ते ईस्ट बंगाल आणि मोहन बागानचे म्हणून, १९७८ मधील त्यांच्या ‘बायसिकल किक’साठी. ब्रिगेडचा गणवेश त्या आठवणीत कोठेच नाही.

लष्करी संघ विसरला जाणे अपरिहार्य आहे, असे मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीचा संघ हे ठळक प्रतिउदाहरण. तेथील फुटबॉल हा खेळच निराळा, हाताने चेंडू नेण्याचा आणि अंगावर जाऊन पाडण्याचा. पण प्रश्न तोच आहे. प्रशिक्षक अर्ल ब्लाइक यांच्या हाताखाली १९४४ च्या मोसमात या संघाने नऊच्या नऊ सामने जिंकले. ५०४ गुण मिळविले आणि फक्त ३५ दिले. डॉक ब्लँचर्ड आणि ग्लेन डेव्हिस ही जोडी त्याच वर्षी प्रथम एकत्र आली. १९४४ ते १९४६ या तीन मोसमांत २७ विजय, पराभव एकही नाही आणि नोव्हेंबर १९४६ मध्ये नोत्र दामशी ०–० अशी एक बरोबरी, असा हा हिशेब आहे. त्यातील अस्वस्थ करणारा भाग असा की या यशाला युद्धाचा हातभार होता. इतर विद्यापीठांचे खेळाडू सैन्यात भरती होत होते, तर अकादमीचे छात्र पदवी मिळेपर्यंत आघाडीवर जात नव्हते. खुद्द ब्लँचर्ड नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून सैन्यात आणि तेथून अकादमीत आलेले. युरोपात माणसे मरत असताना देशातील सर्वांत बलवान संघ भावी सेनाधिकाऱ्यांचा असावा, आणि तो मोसम जनतेने उत्सवासारखा साजरा करावा, यातील विसंगती तेथील लेखनात क्वचितच पुढे येते. त्याच अकादमीतून १९५१ साली परीक्षेतील गैरप्रकारांवरून नव्वद छात्र गेले; त्यांत सदतीस फुटबॉलपटू होते.

वेस्ट पॉइंटला स्मृती आहे, कारण ते महाविद्यालय आहे. छात्र निघून जातात, पण इमारत, माजी विद्यार्थी आणि दरवर्षीचा नौदल अकादमीविरुद्धचा सामना जागच्या जागी राहतात. महाराष्ट्रात याला सर्वांत जवळची संस्था म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. १९४९ साली तिची कोनशिला बसविली गेली आणि जानेवारी १९५५ मध्ये तिचे औपचारिक उद्घाटन झाले. सहा सत्रांचे हे शिक्षण. शेवटी मिळते ती पदवी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. खेळ सर्वांना सक्तीचे आहेत आणि स्क्वॉड्रनांमधील चुरस तीव्र असते. पण ही चुरस कुंपणाच्या आत राहते. स्क्वॉड्रनचा संघ दर सत्राअखेरीस दीक्षान्त संचलनाबरोबर आपले सर्वांत अनुभवी गडी गमावतो. त्याचे प्रेक्षकही छात्रच असतात आणि तेही निघून जातात. पुण्यापासून काही मैलांवर दर सत्रात एक पूर्ण हंगाम घडतो आणि मराठीत त्याची बातमीदेखील होत नाही. त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही.

कोल्हापुरात नेमके उलटे घडले. तेथे फुटबॉल खेळतात ते तालीम मंडळांचे संघ : पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. ‘तालीम’ म्हणजे मुळात शिक्षण, मग कुस्तीची जागा, आणि तेथून फुटबॉलचा क्लब. गोऱ्या पलटणींनी आणलेला खेळ पेठेच्या आखाड्याने आपल्या नावावर चढविला. हंगामही पावसाळी राहिला नाही. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, साधारणतः ऊस तोडणीला असतो तेव्हापासून, शाहू स्टेडियम भरते. पेठेची बदली होत नाही. चाळीस वर्षांपूर्वी कोणी कोणाला कसा गोल मारला, हे पेठेतल्या कट्ट्यावर सांगणारा माणूस अजून त्याच पेठेत राहतो.

भाषेने मात्र हिशेब वेगळ्या रीतीने पुरा केला आहे. मराठी क्रीडावृत्तात चढाई होते, बचावाची फळी फुटते, एखादा संघ गनिमी काव्याने खेळतो आणि दारुण हरला तर त्याचे पानिपत होते. हे शब्द वापरणारा वार्ताहर बखरीतील मोहिमेचीच भाषा बोलत असतो. पलटणींचे फुटबॉल मराठीने विसरले, पण त्यांच्याकडून आलेल्या खेळाचे वर्णन करायला तिने मराठा फौजेची शब्दसंपत्ती उपसली. त्या शब्दांत ‘छावणी’ मात्र नाही.