गाण्यासाठी खिशात हात: दौलतजाद्यापासून रिचार्जपर्यंत

"आपल्याकडच्या माणसांना गाणं फुकट पाहिजे, पैसे द्यायचे म्हटलं की हात आखडतो" हे वाक्य हल्ली वारंवार कानावर येतं. सातारा-सांगलीपुरतं बोलायचं तर मला ते अजिबात पटत नाही. आपण पिढ्यान् पिढ्या गाण्यावर पैसा घालतोय. तो घरखर्चाच्या वहीत कधी लिहिला गेला नाही, एवढंच.

तमाशातला दौलतजादा आठवा. समोर बसलेल्यानं आवडीची लावणी सांगायची, नोट पुढे करायची, मग नाव पुकारलं जाणार आणि गाणं होणार. एका गाण्याचे इतके, तेही रोख. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळू कवलापूरचे. तमाशाच्या सुपाऱ्या ठरवायचं एक मोठं ठिकाण विटा. म्हणजे हा धंदा आपल्या अंगणातलाच. शहरात कनातीत तिकीट काढून बसायचं, पण गावच्या जत्रेत तमाशा सगळ्यांना मोकळा. मोकळा म्हणजे फुकट नव्हे हं. यात्रा कमिटीनं घरटी वर्गणी आधीच गोळा केलेली असायची. जो तमाशाला फिरकलाही नाही, त्यानंही पट्टी भरलेली असायची!

दुसरीकडे, उत्तम गाणं खरोखर पैसे न मोजता ऐकायची सोयही इथंच होती. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच विसावले. तिथं उरुसात मोठमोठे कलाकार मानधनाची अपेक्षा न ठेवता हजेरी लावतात. साताऱ्यातल्या औंधला १९४० पासून संगीत महोत्सव चालतो, तिथंही ऐकणाऱ्याला तिकीट नाही. खर्च कुणीतरी करतोच. कधी संस्थानिक, कधी भक्त, कधी खुद्द गाणारा.

गाणं 'वस्तू' म्हणून विकत मिळायला लागलं ते तबकडीमुळे. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनी कलकत्त्यात गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. १९०८ मध्ये तिथंच तबकड्या छापायला सुरुवात झाली. तोवर त्या परदेशातून छापून यायच्या. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. ज्या खाँसाहेबांना मैफलीत एक राग तासभर लागे, त्यांची झिंझोटीतली ठुमरी या तीन मिनिटांतच देशभर गेली. खर्चाचं म्हणाल तर तबकडी घेऊन भागत नसे. भोंग्याच्या यंत्राची सुई एक बाजू वाजली की बदलावी लागे. म्हणून सुयांची डबी सतत आणायची. एकदा घेतलं की झालं, असं गाण्याच्या बाबतीत तेव्हाही नव्हतं. यंत्र असायचं ते सरदार, वकील, डॉक्टर, बडा व्यापारी यांच्याकडे. बाकीच्यांनी वाड्याच्या ओट्यावर उभं राहून ऐकायचं, नाहीतर हॉटेलात चहा सांगायचा. चहा पिऊन झाला तरी गाणं संपेपर्यंत कप सोडायचा नाही, ही आपली जुनी कला आहे.

मग रेडिओ. त्याला सरकारी परवाना लागे. पोस्टात जाऊन दरवर्षी फी भरायची आणि पुस्तकात तिकीट चिकटवून घ्यायचं. म्हणजे ऐकण्यासाठी वार्षिक वर्गणी ही कल्पना काही मोबाईल कंपन्यांनी काढलेली नाही. हे परवाने १९८० च्या दशकात बंद झाले, तेव्हा कुणालाच वाईट वाटलं नाही. पण त्या फीच्या जोरावर काय ऐकायला मिळालं ते बघा. शेटफळ्याच्या गदिमांनी लिहिलेलं, सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेलं गीतरामायण पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक गाणं याप्रमाणे वर्षभर चाललं. शब्दांचं पुस्तक १९५७ मध्ये सरकारच्याच प्रकाशन विभागानं काढलं, किंमत दोन रुपये. पुढं एचएमव्हीनं दहा एलपींचा संच काढला. तो ज्या घरात होता त्या घराला गल्लीत वेगळा मान असायचा. १९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र आलं आणि आपल्या भागातले गायक, शाहीर, भजनी मंडळं रेडिओवर ऐकू यायला लागली. कार्यक्रमाला मानधन मिळायचं. रक्कम मोठी नसेल, पण गाणाऱ्याचं नाव घेऊन चेक यायचा.

खरी उलथापालथ कॅसेटनं केली, आणि इथं जरा थांबायला हवं. टेपरेकॉर्डर आपल्याकडे दुकानांच्या आधी माणसांबरोबर आला. पाटण-जावळीचा माथाडी मुंबईहून येताना घेऊन आला. अपशिंग्यासारख्या गावातला फौजी सुट्टीवर येताना टू-इन-वन घेऊन आला. खानापूर-आटपाडीचे गलाई कामगार देशाच्या कुठल्या कुठल्या शहरातून सणाला परतताना घेऊन आले. मग ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर डेक बसला. गाडी कुठल्या गावची ते रात्री आवाजावरून ओळखू यायचं!

तोवर बाजार जवळजवळ एचएमव्हीच्या मुठीत होता. गुलशन कुमारांच्या टी-सीरिजनं कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार घेतला. जुनी गाणी दुसऱ्या गायकांकडून पुन्हा गाऊन घेतली आणि कॅसेट बरीच स्वस्त केली. पानटपरी, किराणा दुकान, एसटी स्टँड, जिथं जागा तिथं कॅसेट लटकायला लागली. त्या स्वस्ताईमुळेच प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप घराघरात गेले, भीमगीतं वस्त्यावस्त्यांत वाजली, आणि आनंद शिंदेंच्या पोपटाच्या गाण्यानं तर कहर केला. मोठ्या कंपन्यांनी ज्या ऐकणाऱ्यांकडे कधी बघितलंच नव्हतं, त्यांच्या खिशातही गाण्यासाठी पैसे आहेत हे तेव्हा कळलं.

आणि कॅसेट 'भरून घेणं'? वहीच्या पानावर गाण्यांची यादी करायची, साठची की नव्वदची कोरी कॅसेट घ्यायची, रेकॉर्डिंगवाल्याकडे द्यायची, दोन-चार दिवसांनी आणायला जायचं. कायद्यानं ही चोरीच. पण आपण दुकानदाराला पैसे मोजत होतो, त्यामुळे फुकट ऐकतोय असं कुणाच्या मनातही येत नसे. शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे, आपलेच. त्यांची भरून घेतलेली कॅसेट लोकांनी अभिमानानं वाजवली असेल, पण त्यातला पैसाही शाहिरांकडे गेला नाही.

सीडी आली, एमपीथ्री आली, मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं. शंभर गाण्यांचा हिशोब एका चहाच्या पैशावर आला. त्याच काळात कॉलर ट्यूनचे पैसे महिन्याला बॅलन्समधून परस्पर कापले जात होते, आणि ते गाणं दुसऱ्यालाच ऐकू जायचं. यावर पैसे खर्च करणारे आपण 'गाण्याला पैसे देत नाही' म्हणे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि गाण्याचा खर्च रिचार्जमध्ये विरघळला. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं ते महिना ११९ रुपयांनी, यूट्यूब म्युझिक ९९ रुपयांनी. आपल्याकडे बहुतेकांनी जाहिराती सोसायचं ठरवलं. ज्यांनी पैसे भरले त्यांचं काय होतं, हे नीट समजून घ्या. तुमचे पैसे तुम्ही ऐकलेल्या गायकाकडे जात नाहीत. सगळ्यांचे पैसे एका मोठ्या गल्ल्यात पडतात, कंपनी आपला वाटा काढते, आणि उरलेलं एकूण किती वेळा कुणाचं गाणं वाजलं त्या प्रमाणात वाटलं जातं. तुम्ही महिनाभर फक्त किराणा घराणं ऐका, तुमच्या पैशाचा मोठा भाग ज्याचं गाणं देशभर दणदणतंय त्याच्याकडे जाणार. जत्रेच्या वर्गणीसारखंच झालं की हे. फरक एवढाच, जत्रेनंतर कमिटी जमाखर्चाचा कागद देवळाच्या भिंतीवर लावते.

२०१२ च्या कायदादुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क पक्का केला. चांगलं झालं. पण कॅसेटच्या काळात बऱ्याच लोककलावंतांनी एकरकमी पैसे घेऊन गाणी दिली. ती आज यूट्यूबवर वाजतात आणि कमाई ज्याच्याकडे हक्काचे कागद आहेत त्याच्याकडे जाते.

आता मुद्द्याचं. घरातला गाण्यावरचा खर्च असा आटला, पण गल्लीतला वाढला. गणपतीत, जयंतीत, लग्नाच्या वरातीत डॉल्बीची सुपारी किती जाते हे मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमात निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे सगळ्यांना पाठ आहे आणि कुणी पाळत नाही. माझी तक्रार फक्त आवाजाची नाही. ही आपली वर्गणी आहे, आणि तिच्यातलं सगळं भाडं भिंतीएवढ्या स्पीकरला आणि जनरेटरला जातं, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केलं. एका रात्रीच्या डॉल्बीच्या भाड्यात गावच्या शाळेसाठी एखादा तानपुरा येईल का, हे एकदा मिरजेत जाऊन कारागिरालाच विचारायचं मी ठरवलंय.

तोपर्यंत एक माहिती हवी आहे. तुमच्या घरी पैसे मोजून आणलेली पहिली तबकडी किंवा कॅसेट कोणती, कुठल्या गावात घेतली, आणि भरून आणली होती की छापील? जुन्या माणसांना विचारून लिहा. गावाचं नाव आणि साल आठवत असेल तर जरूर टाका.