दोन तिकिटं शिकागोची

पायाखाली लाकडी फळ्या आहेत. दोन्ही अंगांना खालच्या पातळीवर दोरखंडाने ओढली जाणारी प्रवासी गाडी आणि तिच्या पलीकडे घोडागाड्यांची रांग. आज ६ सप्टेंबर १८९३, बुधवार. तुम्ही दोघं ब्रुकलिन पुलाच्या मधोमध उभे आहात. एकाच्या डोक्यावर पगडी, दुसरीच्या अंगावर नऊवार आणि त्यावर जाड शाल. येणारे-जाणारे वळून बघतात. बघू द्या. तुम्हालाही बघायचंच आहे.

ओळखीचं न्यूयॉर्क शोधू नका, ते अजून झालेलं नाही. पुलाच्या मॅनहॅटनकडच्या टोकाला सोनेरी घुमटाची ‘वर्ल्ड’ वृत्तपत्राची इमारत आहे, ती शहरातली सगळ्यांत उंच. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हा मान ट्रिनिटी चर्चच्या कळसाकडे होता. धक्क्यांवर शिडांच्या काठ्यांचं रान माजलंय. रस्त्यांवरून, घरांच्या दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, वाफेची रेल्वे धावते आणि खालच्या माणसांवर राख सांडते. दूर बंदरात स्वातंत्र्यदेवता उभी आहे, पण हिरवी नाही. तिचा तांब्याचा पत्रा अजून तपकिरी आहे.

आता हात लांब करा आणि पुलाच्या मुख्य तारखंडाला लावा. जाडी पावणेसोळा इंच. असे चार तारखंड आहेत आणि प्रत्येकात पाच हजारांवर पोलादी तारा एकमेकींना समांतर बांधलेल्या आहेत. त्यातल्या काही खराब आहेत. पुलाचं काम चालू असताना उघडकीला आलं की तारांचा कंत्राटदार तपासणीत पास झालेला माल वाटेतच बदलून नाकारलेला माल पाठवत होता. तोवर बऱ्याच तारा चढल्या होत्या, त्या काढणं शक्य नव्हतं. पण मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याने पूल लागेल त्याच्या सहापट ताकदीचा आखला होता. हिशेब केला तर फसवणूक धरूनही ताकद पुरेशी उरत होती. त्याने प्रत्येक तारखंडात सुमारे दीडशे चांगल्या तारा जास्तीच्या घालायला लावल्या आणि काम पुढे नेलं. त्या खोट्या तारा आजही आत आहेत, आणि पूल उभा आहे.

हा हिशेब रोबलिंगने केला तो ब्रुकलिनमधल्या घरी, आजारपणात. नदीच्या तळाशी, दाबाच्या हवेने भरलेल्या पेट्यांमध्ये पायाचं काम चाले. तिथून वर येणाऱ्या मजुरांना सांध्यांचा भयंकर आजार जडत होता, तो १८७२ मध्ये त्यालाही जडला. त्यानंतर तो कामावर फारसा येऊच शकला नाही. खिडकीतून दुर्बीण लावून काम बघे, आणि रोज कामावर जाई त्याची बायको एमिली. सुरुवातीला नुसते निरोप नेत होती. मग गणित शिकली, पोलादाची ताकद कशी मोजतात ते शिकली, लोंबत्या तारेचा बाक कसा काढतात ते शिकली. पुढे पुढे अधिकारी आणि कंत्राटदार आपले प्रश्न थेट तिलाच विचारू लागले. अकरा वर्षं असं चाललं. पूल सुरू होण्याआधी पहिली गाडी त्यावरून गेली ती तिची. विजयाची खूण म्हणून मांडीवर जिवंत कोंबडा घेऊन ती बसली होती.

“अहो, मग नाव कुणाचं लागलं?”

नाव नवऱ्याचं आणि सासऱ्याचं. एमिलीच्या नावाची पाटी आता पुलावर आहे. आज, तुमच्या या बुधवारी, नाही. म्हणून तुम्ही दोघं इथे जरा जास्त वेळ थांबा. सहलीच्या कार्यक्रमात पुलाला वीस मिनिटं देणाऱ्यांचं ऐकू नका.

४२व्या रस्त्यावरच्या मोठ्या स्टेशनातून गाडी धरा, हडसन नदीच्या काठाने उत्तरेला जाणारी. सगळे डावीकडची खिडकी पकडतात, कारण नदी डावीकडे आहे. तुम्हीही पकडा. पण दोन-एक तासांनी पोकिप्सी जवळ आलं की उजवीकडे बघा. त्या चढावर, झाडांच्या आड, गावाची दफनभूमी आहे. पुढच्या स्टेशनवर उतरा आणि घोडागाडी करून मागे या.

इथे, कार्पेंटर नावाच्या एका अमेरिकन कुटुंबाच्या जागेत, डॉ. आनंदीबाई जोशींच्या अस्थी आहेत.

१८७८ मध्ये गोपाळराव जोशींनी एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं, बायकोला अमेरिकेत शिकवायची सोय होईल का म्हणून. ते पत्र एका मिशनरी मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना ते वाचलं आणि मदतीचं पत्र धाडलं. पाच वर्षांनी, ४ जून १८८३ रोजी, अठरा वर्षांची आनंदीबाई नवऱ्याशिवाय न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली. ब्रुकलिन पूल सुरू होऊन तेव्हा अवघे अकरा दिवस झाले होते. तुम्ही सकाळी ज्या पुलावर उभे होतात त्याचे बुरूज, त्याच्या तारा, यांची चर्चा त्या दिवसांत सगळ्या शहरात असणार. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिला मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाई होत्या. वर्षभराने, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने पुण्यात ती गेली. गोपाळरावांनी अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या, म्हणून त्या इथे.

गोपाळरावांबद्दल माझं मन कधीच एका बाजूला झुकत नाही. त्यांनी बायकोला शिकवण्यासाठी छळलं हे खरं. त्यांच्या हट्टावाचून ती बोटीवर चढली नसती हेही खरं. पण बोटीवर चढल्यानंतरचं सगळं तिचं स्वतःचं होतं. थंडी, आजारपण, शाकाहाराची आबाळ, शरीरशास्त्राचे तास, हे तिने एकटीने रेटलं. आज तिथल्या दगडावर कोरलंय की शिक्षणासाठी भारत सोडून आलेली ही पहिली ब्राह्मण स्त्री. जातीपेक्षा ‘डॉक्टर’ ही अक्षरं मोठी हवी होती असं मला वाटतं. तुमच्या शालीच्या टोकाने दगडावरची पानं झटका. इथून पुढे गाडी पकडायला घाई लागणार आहे.

नायगारा तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन गोष्टी मात्र नजरेतून सोडू नका. पूर्वी या धबधब्याभोवती जागामालकांनी कुंपणं घातली होती आणि नुसतं बघायचेही पैसे उकळत. न्यूयॉर्क राज्याने ती जमीन विकत घेऊन १८८५ मध्ये सगळ्यांना फुकट खुली केली. ज्यांनी ही मागणी लावून धरली त्यांत फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हा उद्यानांचा आखणीकार होता. त्याचं नाव शिकागोत पुन्हा भेटेल. दुसरी गोष्ट गावाच्या पोटात आहे. पाणी वरून पाडून त्यावर यंत्रं फिरवायची आणि ते बोगद्यातून खाली नदीत सोडायचं, असा उद्योग चालू आहे. तीन वर्षांत इथली वीज बफेलो शहरात पोचेल.

कॅनडात चालत जा. खालच्या घळीवर एमिलीच्या सासऱ्याने, जॉन रोबलिंगने, १८५५ मध्ये बांधलेला झुलता पूल आहे. खालच्या मजल्यावर माणसं आणि घोडागाड्या, वरच्या मजल्यावर आगगाडी. तुम्ही निम्म्यात असताना डोक्यावरून गाडी गेली तर दोघांपैकी कुणी कुणाचा हात घट्ट धरला, याचा वाद नंतर घाला.

टोरांटोला आगबोटीने पोचाल ते रविवारी, आणि रविवारी टोरांटोत विजेची ट्राम बंद. धर्माचा दिवस. रविवारी ट्राम हवी का, यावर मतदान झालं तेव्हा लोकांनी नको म्हटलं. ती सुरू व्हायला १८९७ उजाडणार आहे. रिकाम्या रस्त्यांवरून पायी फिरा, लवकर निजा. सोमवारची गाडी सार्नियाला सेंट क्लेअर नदीखालून जाते. बोगदा दोन वर्षांपूर्वीचा, लोखंडी नळीचा. काही मिनिटांच्या काळोखात देश बदलतो.

आणि मग शिकागो.

शहराला धूर आहे, कत्तलखान्यांचा वास आहे. शिवाय या वर्षी बँका धडाधड बुडताहेत आणि कामावरून काढलेली माणसं रस्त्यांवर आहेत. अशा शहराच्या दक्षिणेला, तळ्याच्या काठी, जगाचं प्रदर्शन भरलंय. शहरातून बोटीने जा. धक्क्यावर उतरलात की पाच सेंट देऊन सरकत्या फलाटावर बसा. तो तुम्हाला बसल्या जागी आत नेईल. प्रवेश पन्नास सेंट. आत गेल्यावर काही वेळ काहीच बोलू नका.

तुमच्यासमोर पाण्याचा लांबट तलाव आहे. त्यात सोनेरी मुलामा दिलेली पासष्ट फुटांची देवता, आणि भोवती सगळं पांढरं. खांब, कमानी, घुमट. त्यातली एक इमारत १,६८७ फूट लांब आहे. जवळ जा आणि बोटाने भिंत टोचा. दगड नाही. प्लॅस्टर, थोडं सिमेंट आणि धाग्यासाठी घातलेला ताग. त्या काळी जगाचा ताग बंगालच्या शेतांतून येत असे, तेव्हा या शुभ्र महालांना आपल्या मातीची थोडी तरी वीण असणारच. रंग ब्रशने द्यायला वेळ नव्हता, तो नळीतून हवेच्या दाबाने फवारला. हे सगळं सहा महिन्यांसाठी. पुढच्या वर्षी आगी लागतील आणि बरंचसं जळून जाईल.

म्हणून हे खोटं म्हणायचं का? मी म्हणणार नाही. अंधार पडू द्या, मग तुम्हीही म्हणणार नाही. दिव्यांच्या रांगा छपरांच्या कडांवरून एकदम उजळतात, लाखाच्या घरात दिवे. तुमच्या शेजारी उभं असलेलं आयोवातलं शेतकरी जोडपं घरी रॉकेलच्या कंदिलावर जेवतं. एवढा प्रकाश त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. त्या बाईचा चेहरा बघा. प्रदर्शनातली सगळ्यांत खरी वस्तू ती आहे. तलाव आणि झाडांची आखणी ओल्मस्टेडची, तीही खरी. ती बाग अजून आहे.

स्त्रियांची इमारत चुकवू नका. तिची वास्तुकार सोफिया हेडन, स्पर्धा जिंकली तेव्हा बाविशीची. पुरुष वास्तुकारांना मिळाले त्याच्या मानाने तिला पैसे फारच थोडे मिळाले आणि समितीने छळलं ते वेगळंच. यानंतर तिची इमारत कुठे उभी राहिली नाही.

बाहेर पश्चिमेला लांब पट्टा आहे, मिडवे. तिथे आकाशपाळणा आहे, जगातला असा पहिला. जॉर्ज फेरिस नावाच्या पूल बांधणाऱ्या अभियंत्याचा. उंची २६४ फूट, ३६ डबे, एकेका डब्यात साठ माणसं. पन्नास सेंटांत दोन फेऱ्या. डब्यात गोल फिरणाऱ्या खुर्च्या आहेत, खिडक्यांना जाळी आहे. पहिल्या फेरीत माणसं चढवायला तो थांबत थांबत जातो, दुसरीत सलग फिरतो. माथ्यावर एका अंगाला पांढरी नगरी, दुसऱ्या अंगाला धुरकट शिकागो, आणि समोर किनारा न दिसणारं तळं.

खाली उतरल्यावर मात्र मन कडू होईल. याच मिडवेवर माणसं मांडलेली आहेत. दाहोमीची माणसं, जावाची माणसं, झोपड्यांसकट. बघणारे दात विचकून बघतात. एक पोरगा तुमच्याकडे बोट दाखवून आईला विचारेल, हे कुठल्या गावातले? म्हणजे कुठल्या तंबूतले. नऊवारीतल्या बाईला उत्तर द्यायची इच्छा झाली तर देऊ द्या. शहरात आर्ट इन्स्टिट्यूटच्या नव्या इमारतीत याच दिवसांत सर्वधर्म परिषद चालू आहे. तिथे विवेकानंदांसाठी लोक टाळ्या वाजवताहेत, आणि मुंबईचे बी. बी. नागरकर हिंदुस्थानातल्या समाजसुधारणेवर बोलताहेत. एका शहरात, एका आठवड्यात, व्यासपीठही आहे आणि तंबूही.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांना मात्र या शुभ्र नगरीत जवळजवळ जागाच नाही. म्हणून शेवटचा तास हैतीच्या मंडपासाठी ठेवा. हैती देशाने आपला प्रतिनिधी म्हणून गुलामगिरीतून सुटलेल्या वृद्ध फ्रेडरिक डग्लस यांना नेमलंय, आणि त्यांनी इथल्या मेजाजवळ आयडा वेल्स या एकतीस वर्षांच्या पत्रकार बाईला जागा दिली आहे. जमावाने झाडाला टांगून मारलेल्या माणसांबद्दल तिने लिहिलं म्हणून मेम्फिसमधलं तिचं वृत्तपत्राचं कार्यालय गेल्या वर्षी उद्ध्वस्त झालं. ती इथे एक पुस्तिका फुकट वाटते. प्रदर्शनात काळ्या अमेरिकनांना स्थान का नाही, याची कारणं तिच्यात दिली आहेत. टपालाने हवी असेल तर तीन सेंट. पुस्तिकेतलं शेवटचं प्रकरण शिकागोच्या एका वकिलाने लिहिलंय, फर्डिनंड बार्नेट त्याचं नाव. दोन वर्षांनी हे दोघं लग्न करतील, आणि ती स्वतःचं आडनाव न सोडता त्याचं पुढे जोडून घेईल. हे त्यांना सांगू नका.

पुस्तिका दोन मागा, दोघांना एकेक. कुठून आलात असं तिने विचारलं तर मुंबई इलाख्यातून म्हणा. नावं विचारली तर दोघांचीही सांगा.