घरबसल्या फ्रेंच : कोर्स कोणता घ्यावा आणि कशाला कशाची जोड द्यावी

कुणाला कॅनडाला जायचंय, कुणाला गोव्यातल्या हॉटेलात किंवा क्रूझवर नोकरी धरायचीय, कुणाच्या मुलीनं अकरावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलंय आणि आता ते खरंच यायला हवं आहे. कारण काहीही असो, बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला फ्रेंच शिकायचं तर बहुतेक वेळा मोबाईल आणि पुस्तकावरच भागवावं लागतं. आलियाँस फ्राँसेझची केंद्रं पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद अशा मोठ्या शहरांत. ऑनलाइन बॅच असतात, पण त्यांची फी आणि वेळ सगळ्यांना झेपतेच असं नाही.

आधी तासांचा हिशेब करू. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट फ्रेंचसाठी साधारण ६०० ते ७५० तास वर्गात धरते. तेही इंग्रजी मातृभाषा असलेल्या आणि दिवसभर तेच काम करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी. आपण रोज एक तास दिला तर दोन वर्षं गेली म्हणून समजा. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांची वेगळी निवड होते, पण त्यासाठी ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही बाबतींत एनसीएलसी ७ ही पातळी लागते. म्हणजे जवळपास बी२. 'तीन महिन्यांत फ्रेंच' अशी जाहिरात दिसली की हा आकडा शेजारी ठेवून बघावा. मी एकदा अशाच एका क्लासचे पैसे भरले होते. झेरॉक्स नोट्सचा गठ्ठा मिळाला, कानावर फ्रेंच मात्र पडलं नाही. त्यानंतर रागानं तीन ॲप एकदम सुरू केले, आणि तिन्हींत 'मी सफरचंद खातो' इथवरच पोचलो.

चूक कुठं झाली ते नंतर कळलं. तिन्ही ॲप एकच काम करत होते. फ्रेंचमध्ये बोलायची भाषा आणि लिहायची भाषा ही जणू दोन वेगळी खाती आहेत. 'बोलणे' या क्रियापदाची रूपं बघा : झ पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल. मी, तू, तो, सगळ्यांना 'पार्ल'च. अनेकवचनात 'ते बोलतात' हेही ऐकायला 'इल पार्ल'च. कागदावर मात्र कुठं शेवटी एस लागतो, कुठं ई-एन-टी, आणि त्यातलं काहीच उच्चारात येत नाही. नुसतं वाचून शिकलेल्याला बोललेलं कळत नाही, नुसतं ऐकून शिकलेल्याला लिहिता येत नाही. म्हणून एका कोर्सवर भागत नाही, आणि एकाच जातीचे दोन घेऊन उपयोग नाही.

कणा म्हणून एक कोर्स हवा. माझी पसंती आसिमिलला. १९२९ पासून चालत आलेली ही फ्रेंच कंपनी. एका पानावर फ्रेंच संवाद, समोर इंग्रजी अर्थ, सोबत ध्वनिफीत, रोज एक छोटा धडा. पहिला अर्धा भाग नुसतं ऐकून-वाचून समजून घ्यायचं. पन्नासाव्या धड्याच्या आसपास आल्यावर रोजच्या नव्या धड्याबरोबर मागचा एक जुना धडा, पहिल्यापासून, उलटा म्हणजे फ्रेंचमध्ये करायचा. लोक पुस्तक संपवतात आणि हा दुसरा फेरा टाळतात. खरी कमाई तिथंच आहे.

पुस्तक बघून झोप येत असेल तर 'फ्रेंच इन ॲक्शन' बघावं. येल विद्यापीठाच्या पिएर काप्रेत्झ यांनी केलेली ही ५२ भागांची मालिका १९८७ ची. रॉबेर नावाचा अमेरिकन तरुण आणि पॅरिसची मिरेय यांची गोष्ट, सगळी फ्रेंचमध्येच. कपडे जुने झालेत, भाषा चालते. पहिले चार-पाच भाग डोक्यावरून जातील, जाऊ द्यावेत.

तोंडासाठी दुसरं काहीतरी. पिम्सलर अर्ध्या तासाचा, निव्वळ कानानं करायचा. सूचना इंग्रजीत येते, तुम्ही उत्तर द्यायचं, मग बरोबर उत्तर ऐकू येतं. दुचाकीवर नको, पण बसमध्ये किंवा सकाळी फिरताना उत्तम. शब्द फार थोडे मिळतात, म्हणून एकट्यानं तो पुरत नाही. पैसे घालवायचे नसतील तर वर सांगितलेल्या अमेरिकन संस्थेचाच जुना फ्रेंच कोर्स फुकट उतरवून घेता येतो. त्यात एकाच वाक्यात शब्द बदलत राहायचं, पाढे म्हटल्यासारखं. कंटाळा येतो, पण जीभ वळते. अख्खा करायची गरज नाही. जिथं अडतं तेवढाच धडा घ्यावा. ड्युओलिंगो आणि अंकी हे शब्द पक्के करायला दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही.

हे बहुतेक कोर्स इंग्रजी बोलणाऱ्याच्या अडचणी धरून लिहिलेले आहेत. आपल्या अडचणी वेगळ्या. प, त, क हवा न सोडता म्हणायचे यावर पुस्तकात पानं खर्च होतात. आपल्याकडे प आणि फ, त आणि थ वेगळेच आहेत, ती पानं उलटून टाका. अनुनासिक स्वर कोकणी बोलणाऱ्याला आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदी सवयीच्या माणसाला लवकर जमतात. आपण खरे अडतो 'त्यु'मधल्या स्वराशी : ओठ 'ऊ'चे, जीभ 'ई'ची. आरशासमोर करावं. ऐंशीला फ्रेंच माणूस 'चार वीस' म्हणतो. गावाकडं विसांवर मोजणारी म्हातारी माणसं ज्यानं ऐकलीत त्याला यात नवल वाटू नये. लिंगाच्या बाबतीत मात्र मराठीवर विसंबू नका. सूर्य दोन्हीकडे पुल्लिंगी, पण चंद्र तिकडे स्त्रीलिंगी, आणि नपुंसकलिंग नाहीच. म्हणून शब्द नेहमी 'ल' किंवा 'ला' लावूनच पाठ करावा.

आणि एक गोष्ट मला कुठल्याच कोर्सात सापडली नाही. आसिमिलचा दुसरा फेरा इंग्रजीवरून न करता मराठीवरून करा. वहीत धड्याचं मराठी लिहून ठेवा आणि त्यावरून फ्रेंच करा. इंग्रजीत 'यू' एकच, तिथं 'त्यु' की 'वू' हे कळत नाही. मराठीत तू आणि तुम्ही लिहिलं की प्रश्न मिटला. भूतकाळातही तसंच. 'मी गेलो' आणि 'मी जायचो' हा फरक आपल्याला उपजत कळतो. फ्रेंचमधल्या दोन भूतकाळांची वाटणी बरीचशी याच धर्तीवर आहे, इंग्रजीत मात्र ती झाकली जाते.

तीन-चार महिन्यांनी आर.एफ.आय. रेडिओची सोप्या फ्रेंचमधली बातमीपत्रं रोज ऐकायला लागावं. दहा मिनिटांचं असतं, बातमी आधीच माहीत असेल तर अर्धं आपोआप कळतं.

डेल्फ परीक्षा द्यायची असेल तर एवढं ध्यानात ठेवा : चार भाग, प्रत्येकी २५ गुण, पास व्हायला १०० पैकी ५०, पण कुठल्याही भागात ५ पेक्षा कमी पडले तर बाकीचे कितीही असोत, नापास. घरी शिकणाऱ्याचा कच्चा भाग बोलण्याचाच असतो. फॉर्म भरण्याआधी निदान दोन महिने आठवड्यातून एकदा कुणाशी तरी, ऑनलाइन का होईना, अर्धा तास फ्रेंचमध्ये बोलायची सोय करावी. बाकीचं फुकट मिळतं, यावर थोडे पैसे गेले तर जाऊ द्यावेत.