स्त्रिया आणि सेनाकार्य

परळी क्षेत्री श्रीवैद्यनाथाच्या पायऱ्या चढणाऱ्या बहुतेक भाविकांस हे ठाऊक असते की, या मंदिराचा जीर्णोद्धार पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी केला. आपल्या बीड जिल्ह्याच्या शिवेलगतच्या जामखेड तालुक्यात, चोंडी गावी, १७२५ साली जन्मलेल्या या माउलीस आपण देवळे, घाट व धर्मशाळा बांधणारी साध्वी म्हणून वंदन करतो. त्यांच्या चरित्राचे दुसरे अंग मात्र आपल्या घरांतून क्वचितच सांगितले जाते. १७६५ साली मल्हारराव होळकरांनी आपल्या या सुनेस पत्र लिहून मोठ्या तोफखान्यासह ग्वाल्हेरकडे कूच करण्याची व दारूगोळ्याची तजवीज ठेवण्याची आज्ञा केली होती. सारी हयात रणांगणावर घालविलेल्या त्या सरदारास सुनेच्या लष्करी जाणतेपणाविषयी तिळमात्र शंका असती, तर हे काम त्याने तिच्यावर सोपविले नसते.

हे उदाहरण एकटे नाही. १७०० साली राजाराम महाराज निवर्तल्यावर ऐन पंचविशीतील महाराणी ताराबाईंनी स्वराज्याची धुरा उचलली आणि १७०७ साली औरंगजेबाचा अंत होईपर्यंत मोगलांशी झुंज चालू ठेविली. १७३१ साली डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले, तेव्हा सेनापतिपद नावाला धाकट्या मुलाकडे आले. पण फौजेचा कारभार त्यांच्या मातोश्री उमाबाई दाभाडे यांनीच पाहिला व पुढे गुजरातेत स्वतः स्वारी केली.

या गौरवगाथा वाचताना एक गोष्ट मात्र आमच्या मनास बोचते. ताराबाई, उमाबाई, अहिल्याबाई या तिघीही वैधव्य आल्यावरच सेनाकार्यात पुढे आल्या. घरातील कर्ता पुरुष गेला, वारस अल्पवयी अथवा असमर्थ ठरला, म्हणून तलवार स्त्रीच्या हाती आली. त्यांची योग्यता आधीपासून होतीच. संधी तेवढी आपत्तीने दिली. आपत्ती टळली की दार पुन्हा बंद होई, आणि सामान्य घरातील स्त्रीस तर ते कधी उघडलेच नाही.

आधुनिक काळातही हेच घडले. १९४३ साली नेताजींनी सिंगापुरात झाशीची राणी पलटण उभारली व तिचे नेतृत्व कॅप्टन लक्ष्मी यांच्याकडे दिले. आपल्या मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामात जालना भागातील दगडाबाई शेळके यांनी रझाकारांविरुद्ध शस्त्र हाती घेतले. पण स्वातंत्र्यानंतर झालेल्या १९५० च्या सेना अधिनियमाने, सरकार खास अधिसूचनेने परवानगी देईल ती खाती वगळता, स्त्रियांस सैन्यप्रवेश नाकारला. परिचर्या व वैद्यकीय सेवा यांपलीकडील खात्यांत स्त्री अधिकारी येण्यास १९९२ साल उजाडावे लागले, तेही ठराविक मुदतीच्या नोकरीपुरते.

खरा पालट अलीकडचा आहे. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेनेतील स्त्री अधिकाऱ्यांचा कायम कमिशनचा हक्क मान्य केला. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाच्या आदेशाने खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा मुलींस खुली झाली आणि ३० मे २०२५ रोजी तेथून पहिल्या १७ कन्या उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. २०२३ साली पाच स्त्री अधिकारी प्रथमच भारतीय तोफखान्यात दाखल झाल्या. अहिल्याबाईंस आलेल्या त्या पत्रानंतर २५८ वर्षांनी! पायदळ व रणगाडा दल अद्याप खुले नाही. परंतु आज मुलगी सैन्यात जाते ती स्वतःच्या गुणवत्तेवर, परीक्षा देऊन. अपवाद होता तेथे अधिकार आला, हेच या इतिहासाचे सार होय.

आता प्रश्न उरतो तो आपल्या उंबरठ्याचा. प्रबोधिनीत प्रवेश अविवाहितांसच मिळतो व तो साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात. आपल्या भागात मुलीच्या सोयरिकीची बोलणी नेमकी याच वयात सुरू होतात! न्यायालयाने उघडलेले दार घरातील वडीलधाऱ्यांनीच लोटून घेतले, तर दोष कोणास द्यावा? या परीक्षेत गणिताची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. म्हणून मुलीचे गणित आठवीपासूनच पक्के करून घ्यावे. मुलांसाठी १९७७ साली औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था निघाली. मुलींसाठी तशी शासकीय संस्था २०२३ पासून नाशिक येथे आहे. तिची चौकशी प्रत्येक पालकाने अवश्य करावी.

ज्ञातिबंधू-भगिनींनो, वैद्यनाथाच्या दर्शनास मुलीला घेऊन जाल, तेव्हा हे मंदिर कोणी उभारले एवढेच तिला सांगू नका. त्याच माउलीच्या हाती तोफखानाही होता, हेही आवर्जून सांगा. मग तिने काय व्हावयाचे ते तिला ठरवू द्या, एवढीच आमची नम्र विनंती आहे.