नसलेल्या फ्लॉपीचा मागोवा

१३ मे २०१५ रोजी डेटा सेंटर सांभाळणाऱ्यांची झोप उडाली ती फ्लॉपी डिस्कमुळे. तोवर खरी फ्लॉपी बाजारातून जवळजवळ हद्दपार झाली होती. पण व्हर्च्युअल मशीनच्या पोटात तिचा कंट्रोलर शाबूत होता आणि त्यात एक भोक निघाले. अधिकृत नोंदीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०१५-३४५६. शोधणाऱ्या क्राउडस्ट्राइक कंपनीने त्याला नाव दिले ‘व्हेनम’, आणि लोकांच्या लक्षात राहिले ते नावच.

त्या दिवसांतल्या बातम्या बाजूला ठेवून फक्त मूळ कागद वाचले, तर गोष्ट जरा वेगळी दिसते. कागद बरेच उरले आहेत: क्राउडस्ट्राइकचे निवेदन, झेन प्रकल्पाची एक्सएसए-१३३ ही सूचना, रेड हॅटची पत्रके, दुरुस्तीचा पॅच आणि त्यासोबतचा छोटासा मजकूर, आणि सगळ्यांत महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे खुद्द सोर्स कोड. निवेदने बदलता येतात, सौम्य करता येतात. कोडची प्रत्येक आवृत्ती मात्र तारखेसकट जपलेली असते.

आधी हे बघू, की राउटर-फायरवॉलवाल्यांनी यात डोके का घालावे. एकेकाळी नेटवर्कची प्रत्येक पेटी म्हणजे एक काम आणि एक यंत्र होते. २०११ साली एफ५ कंपनीने आपल्या व्हिप्रिऑन चेसिसवर व्हीसीएमपी ही व्हर्च्युअलायझेशनची सोय आणली, तेव्हा एकाच पेटीत अनेक लोड बॅलन्सर गेस्ट म्हणून, म्हणजे स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन होऊन, राहू लागले. तिथे गेस्टच्या तीन अवस्था असतात: कॉन्फिगर्ड, प्रोव्हिजन्ड आणि डिप्लॉइड. पहिलीत तो कागदावरच असतो, दुसरीत त्याच्या नावे कोअर आणि डिस्क राखून ठेवली जाते, तिसरीत तो प्रत्यक्ष बूट होतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट इथे तेरा दूरसंचार कंपन्यांनी मिळून एक श्वेतपत्रिका काढली. एटी अँड टी, बीटी, डॉइच टेलिकॉम, टेलिफोनिका, एनटीटी अशी मातब्बर नावे त्यात होती. मागणी साधी होती: नेटवर्कची कामे खास हार्डवेअरमधून काढून सर्वसाधारण सर्व्हरवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये आणा. तिथून पुढे फायरवॉल, राउटर, इंट्रूजन डिटेक्शन सगळेच हळूहळू गेस्ट होऊ लागले. एका पेटीवर दोन खाती, क्वचित दोन वेगवेगळे ग्राहक. एकाचा कारभार दुसऱ्याला दिसणार नाही, हा त्या व्यवस्थेचा शब्द होता.

तो शब्द पाळायची जबाबदारी अनेक ठिकाणी केव्हीएम किंवा झेन या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालींवर असे. केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२० आवृत्तीत आले. ते प्रोसेसर आणि मेमरी वाटून देते. पण कॉम्प्युटर म्हणजे नुसता प्रोसेसर नव्हे. डिस्क, नेटवर्क कार्ड, कीबोर्ड, घड्याळ हे सगळे गेस्टला ‘दिसावे’ लागते, आणि ते दाखवण्याचे काम क्यूएमू करते. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ साली सुरू केलेला हा प्रकल्प म्हणजे खोट्या हार्डवेअरचे मोठे कोठार. केव्हीएमने ते आयते उचलले, झेनच्या एका प्रकारच्या गेस्टनेही उचलले. कोठारात काय काय पडले आहे, हे मोजायला कुणी बसले नाही.

त्या कोठारातली ‘एफडीसी’ नावाची फाइल आपल्या गोष्टीचे मूळ. तिच्या माथ्यावर ‘क्यूएमू फ्लॉपी डिस्क एम्युलेटर, इंटेल ८२०७८’ अशी ओळ आहे आणि कॉपीराइटचे पहिले वर्ष २००३. क्राउडस्ट्राइकचे निवेदन म्हणते, दोष २००४ पासून आहे. दोन कागद, दोन वर्षे. घाईत वाचणारा इथे एकाला चूक ठरवेल, पण दोन्ही विधाने वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. कॉपीराइटचे वर्ष लिहिण्याचे, निवेदनातले वर्ष तो कोड क्यूएमूत दाखल होण्याचे. म्हणजे शोध लागेपर्यंत दोष अकरा वर्षे तिथेच होता, आणि तो सगळा वेळ कोड कुणालाही वाचायला खुला होता. खुला कोड आपोआप तपासला जातो, हा समज या एका फाइलपुरता तरी टिकत नाही.

आता दोषाकडे जवळून पाहू. इंटेलच्या खऱ्या ८२०७८ चिपमध्ये आत-बाहेर जाणाऱ्या बाइट थांबण्यासाठी १६ बाइटची एक रांग असते, तिला फिफो म्हणतात. क्यूएमूने आपल्या सोयीसाठी ती ५१२ बाइटची केली. फ्लॉपीचा एक सेक्टर तेवढाच असतो. गेस्टने एका ठरावीक पोर्टवर बाइट लिहिली की ती रांगेत जाऊन बसते आणि ‘पुढची जागा कोणती’ हे सांगणारा आकडा एकाने वाढतो. पहिली बाइट कमांड ठरवते. त्या कमांडला जितके तपशील लागतात तितके आले, की काम होते आणि आकडा पुन्हा शून्यावर येतो. जवळजवळ सगळ्या कमांड असेच वागतात. अपवाद दोन: ‘रीड आयडी’ आणि ‘ड्राइव्ह स्पेसिफिकेशन’.

‘रीड आयडी’ची गंमत बघण्यासारखी आहे. खऱ्या ड्राइव्हमध्ये तबकडी फिरून योग्य सेक्टर हेडखाली यायला वेळ लागतो. एम्युलेटर लिहिणाऱ्याने तो वेळही इमानाने उतरवला. कमांड आली की कोड एक टायमर लावतो, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा, आणि परत जातो. टायमर वाजेल तेव्हा उत्तर तयार होईल आणि रांग रिकामी होईल. पण या २० मिलिसेकंदांत गेस्टने आणखी बाइट लिहिल्या तर? कोड त्या घेत राहतो. आकडा ५११ च्या पुढे गेला तरी घेतो. प्रोसेसरच्या हिशोबात २० मिलिसेकंद म्हणजे चिकार वेळ. रांगेच्या पलीकडे क्यूएमूची स्वतःची मेमरी असते, आणि तिच्यात गेस्टने पाठवलेल्या बाइट जाऊन पडतात. दुसरी कमांड वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचते. ती संपल्याची खूण गेस्टच्याच बाइटमधल्या एका बिटमध्ये शोधते. गेस्टने ती खूण दिलीच नाही, तर रांग रिकामी व्हायची वेळच येत नाही.

थोडक्यात, कधीही न फिरणाऱ्या तबकडीच्या फिरण्याची वाट पाहताना दार उघडे राहिले. याला निष्काळजीपणा म्हणायला मी धजावत नाही. ज्या काळात हे लिहिले गेले, तेव्हा क्यूएमूचा मुख्य उपयोग एका यंत्रावर दुसऱ्या यंत्रासाठीचे प्रोग्राम चालवून बघणे हा होता. गेस्ट हा शत्रू असू शकतो हे गृहीतक नंतर आले, आणि ते आले तेव्हा जुना कोड कुणी पुन्हा वाचला नाही.

पॅच रेड हॅटच्या पेत्र मातोउशेक यांचा. त्यासोबतचा मजकूर वरच्या दोन कमांडची नावे घेतो, मेमरीच्या हद्दीबाहेर लिहिले जाते हे कबूल करतो, आणि उपाय सांगतो: आकडा नेहमी राखून ठेवलेल्या जागेच्या आतच राहील अशी खात्री करा. कोडमध्ये तो उपाय म्हणजे आकड्याला ५१२ ने भागून बाकी घेणे. रांग संपली की पुन्हा सुरुवातीपासून. लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की या पॅचने कमांडचा गोंधळ सोडवला नाही, फक्त गोंधळाला कुंपण घातले. संकटाच्या दिवसांत हेच योग्य होते. लहान पॅच लवकर तपासता येतो, जुन्या आवृत्त्यांवरही निमूट बसतो. फ्लॉपी कंट्रोलरच्या अवस्थांची नीट फेरमांडणी त्यानंतर सवडीने झाली.

क्राउडस्ट्राइकच्या निवेदनातला एक मुद्दा मात्र आजही प्रत्येक अॅडमिनने वाचावा असा आहे. अॅडमिनने व्हर्च्युअल फ्लॉपी ड्राइव्ह स्पष्टपणे बंद केला असला, तरी झेन आणि क्यूएमूमध्ये सदोष कोड जागाच राहतो, आणि त्याचे कारण म्हणजे संबंध नसलेला आणखी एक दोष, असे ते म्हणते. हे कारण मला पूर्ण पटत नाही. ‘ड्राइव्ह’ आणि ‘कंट्रोलर’ या दोन वस्तू आहेत. जुन्या पीसीतून फ्लॉपीचा ड्राइव्ह काढून टाकला तरी मदरबोर्डवरचा कंट्रोलर जागचा हलत नसे. क्यूएमू ‘पीसी’ नावाचे यंत्र उभे करते, तेव्हा त्या बोर्डासोबत कंट्रोलरही येतो. कॉन्फिगरेशनमधून ड्राइव्हची ओळ गाळली, की अॅडमिनला वाटते फ्लॉपी गेली. गेला तो ड्राइव्ह. गेस्ट त्या पोर्टवर बाइट लिहू शकतोच. याला दोष म्हणण्यापेक्षा वारसा म्हणणे मला रास्त वाटते, पण परिणाम तोच. कॉन्फिगरेशन फाइल आपण काय मागितले ते सांगते. यंत्रात काय बसले आहे, ते चालू असलेल्या प्रोसेसला विचारावे लागते.

तारखांचा क्रम निवेदनातच आहे. ३० एप्रिलला क्यूएमू, झेन, ओरॅकल आणि लिनक्स वितरकांच्या सुरक्षा मंडळींना गुप्तपणे कळवले. १३ मे रोजी पॅचसह जाहीर केले. तेरा दिवस. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात इतक्या दिवसांत बातमी फुटली नाही, याचे कौतुक करायला हरकत नाही.

खरा घोळ पॅच आल्यावर झाला, आणि रेड हॅटच्या पत्रकातली एक सूचना त्याकडे बोट दाखवते. पॅकेज अपडेट केले म्हणजे काम झाले असे नव्हे. प्रत्येक चालू गेस्ट म्हणजे क्यूएमूची एक चालू प्रोसेस, आणि ती जुना कोड मेमरीत घेऊन बसलेली असते. गेस्टच्या आत शिरून ‘रीबूट’ केले तरी प्रोसेस तीच राहते. गेस्ट पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, नाहीतर पॅच बसवलेल्या दुसऱ्या होस्टवर, म्हणजे गेस्ट चालवणाऱ्या दुसऱ्या यंत्रावर, चालू अवस्थेत हलवावा लागतो. वेब सर्व्हरच्या बाबतीत हे रात्री दोनला उरकता येते. गेस्ट म्हणजे कंपनीचा फायरवॉल असेल, तर बंद करण्याआधी जोडीचा स्टँडबाय खरोखर वाहतूक घेतो का, हे तपासणे आले. आणि स्टँडबायही त्याच पेटीवर ठेवला असेल, तर त्या दिवशी ते कळून काही उपयोग नाही.

बातम्यांनी व्हेनमला आदल्या वर्षीच्या हार्टब्लीड या दोषापेक्षा मोठे ठरवले होते. कागद ते मान्य करत नाहीत. हार्टब्लीड इंटरनेटवरून कुणालाही वापरता येत होते. इथे आधी गेस्टच्या आत असायला हवे, तेही लिनक्स गेस्टमध्ये रूट म्हणून. व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही यांना धक्का नव्हता. झेनच्या सूचनेनुसार पॅराव्हर्च्युअल गेस्ट आणि एआरएमवरची यंत्रे सुरक्षित होती. अॅमेझॉनने आपल्या ग्राहकांना धोका नसल्याचे कळवले. रेड हॅटच्या यंत्रांवर एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा क्यूएमूच्या प्रोसेसला जखडून ठेवत असल्याने बाहेर पडलेल्या हल्लेखोरालाही फार हातपाय पसरता आले नसते. जाहीर करताना क्राउडस्ट्राइकनेच सांगितले, की प्रत्यक्षात कुणी याचा वापर केल्याचे आढळलेले नाही. तरीही हे प्रकरण क्षुल्लक नव्हते. एका पेटीवर दोन ग्राहक ठेवणाऱ्यासाठी गेस्टमधून होस्टमध्ये उतरणे म्हणजे सगळ्या व्यवस्थेचा पायाच निखळणे.

या सगळ्यात सर्वांत बोलका कागद २०१५ चा नाहीच. २००७ साली सुरक्षा संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी क्यूएमूसह अनेक एम्युलेटरांच्या खोट्या उपकरणांवर अंदाधुंद बाइटचा मारा केला. क्यूएमूचे सिरस व्हिडिओ कार्ड सापडले, एनई२००० हे नेटवर्क कार्डही सापडले. सल्ला सरळ होता: गेस्टला जे उपकरण लागत नाही, ते ठेवू नका. केव्हीएम लिनक्समध्ये आले त्याच वर्षीचा हा निबंध. तो कुणी वाचला नाही असे म्हणता येत नाही, सापडलेले दोष दुरुस्त झाले. पण दुरुस्ती झाली सापडलेल्या दोषांची. न लागणारी उपकरणे काढून टाकण्याचे काम कुणाच्याच वाट्याला आले नाही, आणि फ्लॉपी कंट्रोलर आणखी आठ वर्षे राहिला.

ते काम शेवटी २०१५ च्या ऑगस्टमधल्या क्यूएमू २.४ मध्ये झाले, तेही अर्धे. ‘क्यू३५’ या नव्या प्रकारच्या यंत्रात, कुणी मागितल्याशिवाय, फ्लॉपी कंट्रोलर बसवणे त्या आवृत्तीपासून बंद झाले. जुन्या ‘पीसी’ प्रकारात मात्र तो त्यानंतरही आपोआप येत राहिला. आपल्या पेटीवरचा गेस्ट यांपैकी कोणत्या यंत्रावर उभा आहे, हे वाचकांनी एकदा पाहून घ्यावे.